उत्तर जुळलं, तरी गुण गेले : घातांकाचे नियम कुणी समजावून सांगेल का?

रंकाळाकाठ (धागाकर्ती), रविवार रात्री

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शिलाईचं छोटं दुकान चालवते. लेक आठवीत आहे. परवा तिच्या चाचणीचा पेपर घरी आला आणि एका गणितावरून आम्ही दोघी दोन दिवस डोकं धरून बसलो आहोत. घातांक वरच्या बाजूला लहान आकड्यात लिहायला इथे जमत नाही, म्हणून ^ हे चिन्ह वापरते. क्ष^३ म्हणजे क्ष चा तिसरा घात.

गणित : सरळ रूप द्या.
(२ क्ष^३ य^(-२))^३ ÷ (४ क्ष य^(-१))^२

लेकीनं असं सोडवलं :
पहिला कंस = २ क्ष^९ य^(-६)
दुसरा कंस = ४ क्ष^२ य^(-२)
उत्तर = क्ष^७ / (२ य^४)

वर्गात सांगितलेलं उत्तरही अगदी हेच आहे. तरी ४ पैकी १ गुण मिळाला. सरांनी पहिल्या दोन ओळींखाली लाल रेघ ओढून बाजूला लिहिलंय, "घात कोणाकोणाला?" लेक म्हणते, "मम्मी, उत्तर जुळतंय की! मी बरोबरच केलोय." मला सरांशी भांडायला जायचं नाही. चूक कुठे झाली ते मला आधी कळायला हवं, मग तिला सांगेन. माझी दहावी होऊन वीस वर्षं झाली, हे सगळं पुसून गेलंय.

उद्यमनगरी

ताई, सर बरोबर आहेत. कंसाच्या बाहेरचा घात कंसातल्या सगळ्यांना लागतोय, त्यात तो २ पण आला. पोरीनं क्ष ला दिला, य ला दिला आणि आकड्याला विसरली. २ चा घन ८ होतोय आणि ४ चा वर्ग १६. ८/१६ म्हणजे अर्धा. तिनं २/४ केलं, ते पण अर्धाच. म्हणून उत्तर जुळलं, नशिबानं जुळलं बघा.

मी फाउंड्रीत काम करतोय. नवीन पोरगं कामावर आलं की मी पहिल्यांदा हेच विचारतोय : १० सेंटिमीटर बाजूचा बिडाचा ठोकळा ७ किलोच्या थोडा वर भरतो, मग २० सेंटिमीटरचा किती भरेल? दहातली आठ पोरं म्हणतात १४-१५ किलो. मग दोन ठोकळे समोर ठेवतो आणि म्हणतो, उचल. मोठा ५७ किलोच्या वर जातोय. बाजू दुप्पट झाली म्हणजे (२अ)^३, त्यातल्या २ चा पण घन झाला, ८ पट वजन. एकदा कंबरेला झटका बसला की पोरगं तो २ जन्मात विसरत नाही.

फळाखडू

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. उद्यमनगरी दादांनी नेमकं सांगितलं आहे. मी एवढंच जोडते की हे नुसतं नशीब नव्हतं. ४ हा २ चाच वर्ग आहे. खरं उत्तर २^३ ÷ (२^२)^२ = २^(३-४) = २^(-१). लेकीच्या चुकीच्या वाटेनं २^१ ÷ २^२ = २^(-१). वाटा निराळ्या, पोचल्या एकाच दारात. २ आणि ४ च्या जागी ३ आणि ९ घेतले असते तरी हेच झालं असतं.

उद्या तिला ४ च्या जागी ५ घालून तेच गणित पुन्हा सोडवू द्या. तुम्ही काही सांगू नका, फक्त तिला दोन्ही पद्धतींनी करायला लावा.

आणि त्या सरांबद्दल एक सांगावंसं वाटतं. उत्तर जुळत असताना पायऱ्या वाचणारा शिक्षक मिळाला आहे. एका वेळी साठ-साठ पेपर तपासताना डोळा थेट शेवटच्या ओळीवर जातो, हे मी स्वतःवरून सांगते. त्यांनी "चूक" एवढंच लिहून सोडून दिलं नाही, प्रश्न विचारला.

रंकाळाकाठ

केलं. बरोबर रीतीनं ८/२५ येतंय, तिच्या रीतीनं २/५. लेक वहीकडे बघत बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी चुकूनही बरोबर आलो." आता तिला पटलंय.

पण खरी अडचण पुढे आहे. तिनं कपाटाच्या दारावर नियमांचा तक्ता चिकटवलाय. अ^म × अ^न = अ^(म+न), (अ^म)^न = अ^(म×न), भागाकाराचा, शून्याचा, उणे घातांकाचा. सगळे घडाघडा म्हणून दाखवते. गणित समोर आलं की बेरीज कधी आणि गुणाकार कधी, इथे गाडी अडते. आणि अ^० = १ का, शून्य का नाही, यावर "तसा नियम आहे" एवढंच तिचं उत्तर. खरं तर माझंही तेवढंच.

एक मिनिट एक प्रश्न

माझा मुलगा मागच्या वर्षी एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसला होता. दोन पेपर, प्रत्येकात ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. कारणं शोधत बसायला वेळच नसतो. माझा सल्ला, नियम पाठच करून घ्या, रोज वीस गणितं सोडवून घ्या, हात आपोआप बसतो.

फळाखडू

हात बसायला हवाच, त्यात वाद नाही. पण एका मिनिटात प्रश्न सोडवायचा तर मनात शंका नसली पाहिजे, आणि पाठ केलेल्या नियमावर घाईच्या वेळी सगळ्यात आधी शंका येते. बेरीज होती की गुणाकार? मी वर्गात पहिली दहा-पंधरा गणितं नियम न लावता उलगडून लिहायला लावते. क्ष^२ × क्ष^३ म्हणजे (क्ष × क्ष) × (क्ष × क्ष × क्ष). मोजा, पाच. (क्ष^२)^३ म्हणजे (क्ष × क्ष) अशा तीन जोड्या. मोजा, सहा. चौथ्या-पाचव्या गणिताला मुलं कंटाळतात आणि स्वतःच म्हणतात, "बाई, बेरीज करून लिहू का?" तो नियम मग त्यांनी शोधलेला असतो.

वर्गघन

मी निवृत्त गणित शिक्षक. बेरीज की गुणाकार हा प्रश्न आपल्या जुन्या गणितज्ञांनी नावांतच सोडवून ठेवला आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

दुसऱ्या घाताला वर्ग आणि तिसऱ्याला घन हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौथ्याला वर्गवर्ग म्हणत, म्हणजे वर्गाचा वर्ग. सहाव्याला घनवर्ग, म्हणजे घनाचा वर्ग. इथे ३ आणि २ चा गुणाकार होतो. मग पाचव्याचं काय? पाच काही वर्गाचा घन करून मिळत नाही. म्हणून त्याचं नाव वर्गघनघात. 'घात' म्हणजे इथे गुणाकार : वर्ग आणि घन यांचा गुणाकार, २ + ३ = ५. सातव्याला वर्गवर्गघनघात, ४ + ३.

नावात 'घात' आला तर दोन वेगळ्या संख्या शेजारी उभ्या राहून गुणल्या जाताहेत, घातांक मिळवा. 'घात' नाही तर एकाच्या डोक्यावर दुसरा बसला आहे, घातांक गुणा. रंकाळाकाठ ताई, तुमच्या लेकीच्या तक्त्यातले पहिले दोन नियम ते हेच.

भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात आणि पुढच्या अज्ञात राशींना रंगांची नावं देतात, कालक, नीलक, पीतक. यावत्तावत् ने यावत्तावत् ला गुणलं की त्याचा वर्ग. आपण आज डोक्यावर लहान आकडा लिहितो ती पद्धत फ्रान्सच्या देकार्त यांनी १६३७ साली छापली आणि तिथून रुळली. वर्ग लिहिताना मात्र तेही बरेचदा तेच अक्षर दोनदा शेजारी लिहीत. उलगडून लिहिण्यात कमीपणा नाही, हे मी मुलांना त्यावरून सांगत असे.

उद्यमनगरी

सर, वर्गघनघात! आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. उद्या दुकानात सांगतो.

गुंठामोजणी

आकड्याला घात विसरणं ही चूक फक्त आठवीतली नाही, जमिनीच्या व्यवहारात रोज बघतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता कुणी म्हणालं, "प्लॉट चौकोनी आहे, बाजू ६६ फूट", तर ऐकणारा पटकन म्हणतो दोन गुंठे. ते चार गुंठे असतात. (२ × ३३)^२ = ४ × ३३^२.

याच्या शेजारची दुसरी चूकही लेकीला आत्ताच दाखवून ठेवा. कंसात गुणाकार असेल तर घात सगळ्यांना वाटला जातो. कंसात बेरीज असेल तर नाही. बाजू ३३ फूट होती, ती १० फुटांनी वाढवली. क्षेत्रफळ ३३^२ + १०^२ = १,१८९ होत नाही. ४३^२ = १,८४९ होतं. मधले ६६० चौरस फूट कुठे गेले? कागदावर काढा : मूळ चौकोनाच्या दोन बाजूंना ३३ बाय १० च्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ३३०, आणि कोपऱ्यात १० बाय १० चा तुकडा. पट्ट्या विसरल्या की ६६० फूट जमीन गेली. लोक वीतभर बांधासाठी कोर्टात जातात हो.

सोळा आणे

शून्य घातांकाचं मी सांगतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधीचा हिशेब आमच्या पिढीनं हाताळला आहे. रुपयाचे सोळा आणे. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली, आणि मग आणा. प्रत्येक पायरीला निम्मं.

आता वरून खाली या. आठ रुपये २^३. निम्मे केले, चार रुपये, २^२. निम्मे केले, दोन रुपये, २^१. दरवेळी घातांक एकानं उतरतोय. आणखी निम्मे केले, हातात बंदा रुपया, एक. घातांक १ वरून उतरला, ०. म्हणून २^० = १. तिथे शून्य आलं असतं तर रुपयाच हातातून गेला असता!

तिथेच थांबायचं कारण नाही. रुपयाचा निम्मा अधेली, २^(-१). पावली २^(-२). चवली २^(-३). आणा २^(-४). उणे घातांक म्हणजे उणे पैसे नव्हेत, ते कर्ज नव्हे. चवली खिशात आहे आणि तिला दोन आण्यांचा माल मिळतो. उणे चिन्ह फक्त सांगतं की रुपयापासून किती पायऱ्या खाली आहोत.

भागाकारही बघा. आण्याचे चार पैसे, म्हणजे पैसा २^(-६). चवलीचे पैसे किती? २^(-३) ÷ २^(-६) = २^(-३+६) = २^३ = ८. दोन आण्यांचे आठ पैसे. आम्ही हे बोटावर करत होतो, घातांक आहे हे ठाऊक नव्हतं.

रंकाळाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. आईच्या डब्यात एक जुनी पावली आहे, ती काढून दिली. तिनं वहीत शिडी काढली, मधल्या पायरीवर बंदा रुपया आणि शेजारी ०. तक्त्यावरच्या शून्याच्या नियमाशेजारी तिनं "बंदा रुपया" लिहिलंय.

एक विचारते. -६ - (-२) तिथे ती -८ लिहिते. यालाही काही युक्ती आहे का?

फळाखडू

युक्ती नाही, सवय आहे. वरचा घातांक लिहा, मग वजा चिन्ह, मग खालचा घातांक त्याच्या चिन्हासकट कंसात. -६ - (-२). मग कंस सोडवा, -६ + २, उत्तर -४. तोंडी करू देऊ नका, निदान महिनाभर तरी नाही. मी पूर्ण मांडणी देते :

वर : २^३ = ८, क्ष^(३×३) = क्ष^९, य^(-२×३) = य^(-६)
खाली : ४^२ = १६, क्ष^२, य^(-१×२) = य^(-२)
अंक : ८/१६ = १/२
क्ष : क्ष^(९-२) = क्ष^७
य : य^(-६-(-२)) = य^(-४)
उत्तर : क्ष^७ / (२ य^४)

अंक, क्ष आणि य यांच्या वेगळ्या ओळी. एका ओळीत सगळं कोंबलं की कोणाचा तरी घात राहतो. सरांच्या "कोणाकोणाला?" या प्रश्नाचं उत्तर या तीन ओळींतच आहे.

पडताळा

उत्तर तपासायची सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे अक्षरांच्या जागी संख्या घालून बघणं. पण शेवटच्या ओळीत नाही, प्रत्येक ओळीत. या गणितात क्ष = १ आणि य = १ घातलं तर पहिला कंस (२)^३ = ८ येतो, लेकीच्या ओळीत २ येतात. चूक तिथल्या तिथे सापडली असती. नुसतं शेवटचं उत्तर ताडून बघितलं असतं तर अर्धा बरोबर अर्धा, आणि ती पुढे गेली असती.

मात्र १ सगळ्या चुका दाखवत नाही. घातांक चुकला तर १ घालून कळतच नाही, कारण १ चा कुठलाही घात १ च. आणि २ तर फारच फसवा आहे. २ + २, २ × २ आणि २^२, तिन्ही ४. मुलाच्या वहीत पहिलंच उदाहरण (अ^२)^२ चं असेल आणि त्यानं घातांक मिळवले, तरी उत्तर बरोबर येतं, आणि तो चुकीचा नियम घट्ट बसतो. म्हणून ३ घाला. क्ष^२ × क्ष^३ मध्ये ३ घातलं की ९ × २७ = २४३, म्हणजे ३^५. सहावा घात ७२९. तिथे गोंधळाला जागाच राहत नाही.

वर्गघन

दोन आणि दोनचं उदाहरण देऊ नका, हे मी नव्या शिक्षकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. तुम्ही त्याचं कारण फार स्वच्छ मांडलंत.

खातेवही

-३^२ चंही सांगून ठेवते. कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा, उत्तर -९. (-३)^२ असेल तर ९. मी हिशेबनीस आहे, दिवसभर एक्सेलवर असते, आणि एक्सेलमध्ये =-३^२ दिलं की ९ येतात, कारण त्यानं उणे चिन्ह आधी धरायचं ठरवलंय. लेकीनं संगणकावर ताडून बघितलं तर गोंधळेल, म्हणून लिहिलं. कंस घालायची सवय लागली की दोन्हीकडे उत्तर एकच.

चांदणीचौक

आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जयंत नारळीकर जन्मले, त्यांच्या क्षेत्रात तर घातांकांवाचून पान हलत नाही. लेकीला हे करायला द्या : सूर्य सुमारे १.५ × १०^८ किलोमीटरवर, प्रकाश सेकंदाला सुमारे ३ × १०^५ किलोमीटर जातो. किती सेकंद? १.५/३ = ०.५ आणि १०^(८-५) = १०^३. पाचशे सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. पंधरा कोटीला तीन लाखांनी भागताना शून्यं मोजत बसावं लागलं असतं.

रंकाळाकाठ, शुक्रवार

काल लेकीनं स्वतःच एक गणित तयार केलं :

(५ क्ष^२ य^(-३))^२ ÷ (१० क्ष^(-१) य)

अंक २५/१० = ५/२. क्ष^(४-(-१)) = क्ष^५. य^(-६-१) = य^(-७). उत्तर ५ क्ष^५ / (२ य^७). मग तिनं प्रत्येक ओळीत क्ष = ३, य = १ घालून पडताळा घेतला. "जुन्या चुकीनं केलं तर ५/१०, म्हणजे अर्धा आला असता, आता जुळणार नाही असंच घेतलोय," असं वर मला सांगितलं. आज शाळेत सरांना दाखवलं. सरांनी वहीवर सही केली आणि पुढचा पाठ वाचून ये म्हणाले.

तिथेच नवी गाठ पडली आहे. पुढच्या पाठात २^(१/२) आहे. ती विचारते, अधेली आणि पावली शिडीच्या पायऱ्यांवर होत्या, मग अर्ध्या घाताची पायरी कुठे?

उद्यमनगरी

ताई, आमच्याकडे इंचाचे आठ सूत. इंच २^०, चार सूत २^(-१), दोन सूत २^(-२), एक सूत २^(-३). काकांच्या आण्यासारखंच. अर्धा घात मला येत नाही, पण ऐकायचंय.

वर्गघन

वर्ग करताना घातांक दुप्पट होतो, हे लेकीला आता येतं. मग असा प्रश्न विचारा : अशी कोणती संख्या, जिचा वर्ग केला की घातांक १/२ चा १ होतो, म्हणजे २ मिळतात? तीच २^(१/२), २ चं वर्गमूळ. शिडीवर ती २^० आणि २^१ यांच्या मधोमध आहे, पण "मधोमध" म्हणजे दीड नव्हे. दीडाचा वर्ग सव्वादोन होतो.

तिला मोजूनच बघू द्या. एक इंच बाजूचा चौरस काढायला सांगा आणि त्याचा कर्ण पट्टीनं मोजायला सांगा. उद्यमनगरी, तुम्ही सुतात सांगा किती यायला हवा.

उद्यमनगरी

१.४१४ गुणिले ८. अकरा सूत आणि वर सुताच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंसं कमी. दीड इंच म्हणजे बारा सूत, तिथपर्यंत जात नाही.

रंकाळाकाठ

दुकानातल्या कपाटात जुनी इंचाची पट्टी होती, लोखंडी, सुताच्या खुणा असलेली. लेकीनं चौरस तीनदा काढला, पहिले दोन तिरके झाले. तिसऱ्याचा कर्ण अकरा सूत आणि थोडं जास्त आला. ती म्हणाली, बारा झाला नाही.